संत बेसिल: दुष्काळातली चूल आणि वेशीबाहेरची 'नवी नगरी'

मेणबत्ती (धागाकर्ता)

जानेवारी उजाडला, चौथ्या शतकातल्या ख्रिस्ती संत बेसिलचा सण आला, की एक मजकूर हमखास फिरायला लागतो: 'बिशप बेसिल यांनी ३६९च्या दुष्काळात जगातलं पहिलं हॉस्पिटल बांधलं.' एका वाक्यात तीन गफलती आहेत, आणि त्यांच्यामुळे या माणसाचं खरं काम झाकलं जातं. म्हणून हा धागा.

दुष्काळ ३६८-३६९चा. तेव्हा बेसिल बिशप नव्हता. कैसरियाचा बिशप युसेबियस होता आणि बेसिल त्याच्या हाताखालचा धर्मगुरू. बेसिल बिशप झाला ३७० साली. दुसरं म्हणजे दुष्काळात त्याने इमारत बांधली नाही, चूल पेटवली. इमारतींचं, म्हणजे वेशीबाहेरच्या गरीब-आजाऱ्यांच्या वसाहतीचं, काम बिशप झाल्यानंतरचं. ३७२च्या सुमारास एलियास या प्रांताधिकाऱ्याला लिहिलेल्या ९४व्या पत्रात ते सुरू झालेलं दिसतं. आणि 'पहिलं' म्हणायचं तर सेबास्तेच्या बिशप युस्टाथियसचं काय करायचं? त्याने आपल्या गावात गरिबांसाठी घर काढून एरियस नावाच्या माणसाकडे कारभार सोपवला होता. हा युस्टाथियस तरुण बेसिलचा आदर्श होता. पुढे दोघांचं फाटलं, पण कल्पनेचं बी तिथलं आहे.

अजून एक. हे कैसरिया पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरचं नव्हे. हे कप्पदुकियातलं, आजच्या तुर्कस्तानातलं कायसेरी. किनाऱ्यावरच्या कैसरियाचा बिशपही युसेबियस होता, तो चर्चचा इतिहास लिहिणारा, पण बेसिलच्या जन्माआधीच म्हातारा झालेला. माणसांचं नाव एक, गावांचं नाव एक, पण माणसंही दोन आणि गावंही दोन. त्यामुळे चांगल्या लेखांतही घोळ होतो.

चूल कशी चालली, धान्य कुठून आलं, वेशीबाहेरच्या वसाहतीत नेमकं काय काय होतं, यावर ज्यांनी वाचलंय त्यांनी लिहा.

कोरडवाहू

किनारा की आतला मुलूख, हाच सगळ्याचा गाभा आहे.

कायसेरी समुद्रसपाटीपासून हजारएक मीटरवर आहे आणि डोक्यावर ३९१७ मीटरचा एर्जियेस, म्हणजे जुना आर्गायस. अशा पठारावर गहू हिवाळ्यातल्या बर्फाच्या ओलीवर आणि वसंतातल्या पावसावर येतो. त्या वर्षीचं वर्णन बेसिलच्या दुष्काळावरच्या प्रवचनात आहे: हिवाळा कोरडा गेला, जी ओल होती ती गोठून सुकली, बर्फ नाही. वसंतात ऊन आलं, पाऊस आला नाही. म्हणजे दोन्ही हप्ते चुकले. नद्या इतक्या आटल्या की मुलं आणि डोक्यावर ओझं घेतलेल्या बायका पायी पार करू लागल्या.

त्याच प्रवचनात शेतकऱ्याचं चित्र आहे. तो शेतातच बसलाय, दोन्ही हातांनी गुडघे कवटाळून, मयताच्या घरी बसतात तसा. लहान पोरांकडे बघतो, रडतो, बायकोकडे बघतो, पुन्हा रडतो. मग हात पुढे करून वाळलेली रोपं चाचपतो आणि ऐन तारुण्यातला मुलगा गेल्यासारखा हंबरडा फोडतो. हे लिहिणारा माणूस बांधावर उभा राहिलेला आहे, यात मला शंका नाही.

आता वाहतूक. रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या ३०१ सालच्या दरपत्रकात १२०० रोमन पौंडांच्या (सुमारे ३९० किलो) बैलगाडीच्या भाड्याची कमाल मर्यादा मैलाला २० दिनार आहे, आणि गव्हाची एका लष्करी मापाला १०० दिनार. त्या मापाच्या आकाराबद्दल मतभेद आहेत, पण कुठलाही आकार धरला तरी साधारण दीडशे ते तीनशे मैलांत भाडं गव्हाच्या किमतीइतकं होतं. म्हणजे दर दुप्पट. कैसरियाहून भूमध्य समुद्र टॉरसचे डोंगर ओलांडून पलीकडे. वर बैलाला वाटेत चारा लागतो, आणि दुष्काळात चाराही नसतो. म्हणून बंदराच्या गावाला टंचाई सोसते, जहाज येतं. आतल्या गावात टंचाईचा दुष्काळ होतो. बेसिलचा मित्र, नाझियान्झसचा ग्रेगरी, हेच कारण शब्दांत देतो: किनाऱ्यावाले आपल्याकडचं देऊन हवं ते घेऊ शकतात, आमच्याकडे जास्तीचं विकता येत नाही आणि नसलेलं आणता येत नाही.

मेणबत्ती

कोरडवाहू, नेमकं. याचाच अर्थ असा की बाहेरून धान्य येणारच नव्हतं. जे काही होतं ते गावातल्याच कोठारांत होतं, भाव चढायची वाट बघत.

बेसिल तेव्हा साधा धर्मगुरू. त्याला कोठार फोडण्याचा अधिकार नाही, पदरी फौज नाही. हातात होतं फक्त व्यासपीठ. लूकच्या शुभवर्तमानातल्या 'मी माझी कोठारे मोडून मोठी बांधीन' म्हणणाऱ्या धनिकावर त्याने प्रवचन केलं. तुम्ही अडवून ठेवलेली भाकर भुकेल्याची, पेटीत कुलूपबंद वस्त्र उघड्याचं, घरात कुजणारं पायताण अनवाणी माणसाचं, ही प्रसिद्ध वाक्यं त्यातली. पण त्याच प्रवचनातला हिशेबी भाग कुणी पुढे पाठवत नाही. तिथे तो साठेबाजाला सरळ सांगतो की भावाची वाट बघू नकोस, टंचाईचं सोनं करू नकोस. विहिरीचा दाखला देतो: उपसली की झरे मोकळे होतात, पडून राहिली की पाणी नासतं. आणि पोटच्या पोरांपैकी कुणाला विकायचं या विचारात पडलेला बाप श्रोत्यांसमोर उभा करतो. थोरल्याला? त्याचा मान थोरलेपणाचा. धाकट्याला? त्याला अजून काही कळत नाही. हा आईबापाच्या तोंडवळ्याचा, तो शिकायला हुशार. आणि अखेरीस बाप बाजारात येतो तर घेणारा किमतीवरून घासाघीस करतो.

याचा परिणाम झाला असं ग्रेगरी सांगतो: कोठारं उघडली. स्वतःची वाडवडिलांची मालमत्ता बेसिलने गरिबांवर खर्च केली होती, हे त्याचा धाकटा भाऊ, निस्साचा ग्रेगरी, नोंदवतो. नुसतं बोलून कोठारं उघडत नसतात.

भाकरतुकडा

चुलीबद्दल. नाझियान्झसच्या ग्रेगरीने बेसिलवर केलेल्या श्रद्धांजलीपर भाषणात (४३वं भाषण) तीन गोष्टी येतात. एक, लोकांना एका जागी गोळा केलं: बाया, बाप्ये, तान्ही मुलं, म्हातारे, आणि भुकेतून नुकतेच किंचित सावरलेलेही. दोन, खाण्याच्या ज्या ज्या जिनसा मिळतील त्या वर्गणीने जमवल्या. तीन, मोठमोठ्या भांड्यांत 'एत्नोस' आणि खारवलेलं मांस मांडलं.

एत्नोस म्हणजे वाटाण्याचं किंवा कडधान्याचं दाटसर कढण. काही भाषांतरांत नुसतं 'सूप' येतं आणि सगळा मुद्दा निसटतो. कडधान्य वर्षानुवर्षं टिकतं, दळावं लागत नाही, भट्टी लागत नाही. भाकरीसाठी पीठ, पाणी, सरपण आणि हात लागतात. शंभर माणसांच्या भाकऱ्या आणि शंभर माणसांचं कढण यांत सरपणाचाच केवढा फरक पडतो. खारवलेलं मांसही तसंच: वेगळं मीठ नको, थोडं टाकलं की अख्ख्या कढईला चव आणि स्निग्धता येते. ग्रेगरी त्याला 'आमच्याकडचं, गरिबांचं अन्न' म्हणतो. खाणाऱ्याला सवयीचं होतं, हे दुष्काळात फार महत्त्वाचं.

वाढणारे कोण? बेसिल स्वतः, कमरेला पंचा गुंडाळून शिष्यांचे पाय धुणाऱ्या ख्रिस्ताचं अनुकरण करत, त्याचे नोकर आणि त्याचे सहकारी. नोकर आणि मालक एका पंगतीत वाढतायत, ही गोष्ट त्या काळी जेवणाइतकीच डोळ्यांत भरली असणार.

नाडीपरीक्षा

'नुकतेच किंचित सावरलेले' या शब्दांवर थांबावंसं वाटतं. कित्येक दिवस उपाशी माणसाला एकदम पोटभर भाकरी किंवा गोड दिलं तर तो दगावू शकतो. पिष्ट पोटात गेलं की इन्सुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फेट पेशींत ओढलं जातं, रक्तात ते एकदम घटतं, मग श्वासाचे स्नायू आणि हृदय दगा देतात. जीवनसत्त्व ब१ कमी असेल तर मेंदूवरही घाव. म्हणून थोडं थोडं, पातळ, दिवसातून अनेकदा. कडधान्यात प्रथिनं आहेत, फॉस्फरस आहे, ब१ आहे. हे बेसिलला ठाऊक होतं असं मी म्हणत नाही. पण त्या कढईत जे होतं ते पांढऱ्या पावापेक्षा कितीतरी सुरक्षित होतं.

त्याला वैद्यक मात्र येत होतं. अथेन्सला शिकताना त्याने ते शिकून घेतलं, आणि स्वतःचं दुखणंही कायमचं, यकृताचं. दुष्काळाच्या प्रवचनात उपासमारीचं जे वर्णन आहे ते कुठल्याही वॉर्डात उभं राहून लिहिल्यासारखं: अंगावर मांस नाही, कातडी कोळ्याच्या जाळ्यासारखी हाडांना चिकटलेली, रंग काळपट-फिका, आवाज बारीक, गुडघे शरीर पेलत नाहीत, आणि डोळे खोबणीत आत गेलेले, कवचात वाळून सुटलेल्या अक्रोडाच्या गरासारखे. पुढे तो म्हणतो की बाकीची मरणं झटपट येतात, भूक सावकाश मारते.

पानगळ

प्रवचनाची दुसरी बाजूही सांगायला हवी. पावसासाठी सामुदायिक प्रार्थना ठेवली होती. मोठी माणसं धंद्यात गुंतलेली, आलेली थोडी, तीही जांभया देत. देवळात गर्दी कुणाची? शाळेच्या पाट्या ठेवून आलेल्या मुलांची, आणि ती सुट्टी मिळाली म्हणून खुशीत. बेसिल यावर चिडतो: ज्यांनी पाप केलं ते घरी, आणि ज्यांना पापाची समज नाही ती लेकरं इथे. दुष्काळाच्या मधोमध एका शहराचा व्यवहार कसा चालू असतो, ते या एका दृश्यात दिसतं.

एक प्रश्न. वसाहतीत कुष्ठरोगी होते असं सगळीकडे वाचतो. मूळ ग्रीकमध्ये शब्द कोणता आहे?

मेणबत्ती

पानगळ, चांगला प्रश्न, इथे भाषांतरं फार घसरतात. ग्रीक वैद्यकात 'लेप्रा' म्हणजे खवले येणारा साधा त्वचारोग. ज्याला आपण कुष्ठरोग म्हणतो त्याला ते 'एलेफान्तियासिस' म्हणत, आणि आजचा हत्तीरोग तो पुन्हा तिसराच. नाझियान्झसचा ग्रेगरी गरिबांवरच्या १४व्या भाषणात 'पवित्र रोग' असा शब्द वापरतो. वर्णनावरून रोग कोणता ते कळतं: बोटं झडलेली, चेहरा ओळखू न येणारा. ओळख पटवायला माणूस नाव सांगतो: मी अमक्याचा मुलगा, अमकी माझी आई, आपण एकेकाळी मित्र होतो. गाव, घर, बाजार, पाणवठा सगळं बंद. वाहत्या नदीचं पाणीसुद्धा विटाळतं असं लोक मानत.

बेसिल त्यांना आजारी भाऊ म्हणून भेटला, आणि मिठी मारून चुंबन घेतलं. तो सरदार घराण्यातला होता हे ग्रेगरी मुद्दाम नोंदवतो.

तुळईखाली

आता इमारती. ९४वं पत्र हे बचावाचं पत्र आहे, हे विसरून वाचलं तर यादी कोरडी वाटते. कुणीतरी प्रांताधिकाऱ्याचे कान भरले होते की या बांधकामाने सरकारचं नुकसान होतंय. बेसिल उलट विचारतो, नुकसान कुणाचं? आणि मग सांगतो काय बांधलंय:

प्रार्थनामंदिर. त्याभोवती राहण्याची घरं. एक प्रमुखासाठी जरा ऐसपैस, बाकीची सेवकांसाठी दर्जाप्रमाणे, आणि ती तुम्हा अधिकाऱ्यांना आणि तुमच्या लवाजम्यालाही मोकळी आहेत (हे वाक्य मुत्सद्देगिरीचं: अधिकाऱ्याच्या मुक्कामाची सोय झाली की तक्रार बोथट होते). वाटसरूंसाठी धर्मशाळा. आजाऱ्यांसाठी जागा, आणि तिथे शुश्रूषा करणारे, वैद्य, ओझ्याची जनावरं आणि सोबती.

जनावरं आणि सोबती दवाखान्यात कशाला? कारण बरा झालेला माणूस अशक्त असतो, गाव लांब असतं, वाटेत लूटमार असते. त्याला घरी पोचवण्यापर्यंतची जबाबदारी त्यांनी धरली होती. मला संपूर्ण यादीतली ही सगळ्यांत विचारपूर्वक केलेली तजवीज वाटते.

त्यानंतर येतात कारागिरी: जगायला लागणारे धंदे आणि जगणं नीटनेटकं करणारे धंदे, आणि त्या त्या धंद्याला योग्य अशा वेगळ्या इमारती. याचं कारण व्यवहाराचं आहे. लोहाराची भट्टी, विणकराचा माग आणि सुताराची कामाची जागा एका छपराखाली चालत नाहीत. ठिणगी, धूळ, ओल यांचं जमत नाही. एवढ्या लोकांचं कापड, भांडी, दुरुस्ती बाहेरून विकत घ्यायची तर खर्च पेलणार नाही.

बेसिलने स्वतः या जागेला कधी 'बॅसिलियाड' म्हटलं नाही. तो 'गरिबांना पोसण्याचं घर' या अर्थाचा ग्रीक शब्द वापरतो. त्याच्या नावाने ओळख झाल्याचं पाचव्या शतकातला इतिहासकार सोझोमेन सांगतो, आणि पुढे प्रापिडियस नावाच्या ग्रामीण बिशपाकडे कारभार होता हेही. 'नवी नगरी' हे ग्रेगरीचं: गावातून थोडं बाहेर या आणि बघा. थेबीसच्या वेशी, बाबिलोनच्या भिंती, पिरॅमिड यांच्याशी तुलना करून तो म्हणतो, त्यांनी बांधणाऱ्याला थोड्या कीर्तीपलीकडे काही दिलं नाही.

खतावणी

पैशाची बाजू कुणी घेतली नाही म्हणून लिहितो.

उत्पन्न: धनिकांच्या देणग्या, आणि सम्राट व्हॅलेन्सने दिलेल्या जमिनी. व्हॅलेन्स धर्ममताने बेसिलच्या विरोधात होता, तरी रोग्यांसाठी जमीन दिल्याचं पाचव्या शतकातला इतिहासकार थिओडोरेट लिहितो. खर्चातली मोठी धास्ती जमीनकराची. जमीन मिळाली की करही गळ्यात पडतो, आणि रोमन कर हंगाम बघत नाही. बेसिलची १४२ आणि १४३ क्रमांकाची पत्रं याचसाठी आहेत, सम्राटाला नव्हे, हिशेब ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांना. ग्रामीण बिशपाच्या देखरेखीखालच्या गरीबघराच्या मालमत्तेला करातून सूट द्या, असं मागणं. म्हणजे कैसरियाचं एकच मोठं घर नव्हतं, खेडोपाडी लहान घरंही होती, आणि त्यांची सूट एकेक करून मिळवावी लागत होती.

सावकारीवरचं प्रवचनही याच हिशेबात धरा. चालू दर महिन्याला शंभरावा हिस्सा, म्हणजे शंभराला वर्षाचे बारा. वसुलीवाल्यांना 'शंभरावावाले' असंच नाव पडलं होतं. बेसिल म्हणतो, नाव ऐकूनच धडकी भरावी. ग्रीकमध्ये व्याजाला शब्द 'तोकोस', आणि त्याचाच अर्थ वीत, पिल्लावळ. (आपले 'व्याज' आणि 'व्याणे' कानाला जवळचे, पण मुळं वेगळी.) ससा एका वेळी पिलं पोसतो आणि पुन्हा गाभण राहतो, तसं हे धन. कर्जदार कुत्रं भुंकलं तरी दचकतो, दार वाजलं की खाटेखाली शिरतो. सल्ला रोकडा आहे: भांडी विका, कपडे विका, जनावर विका, पण कर्ज काढू नका, आज गरीब आहात, उद्या गरीब आणि गुलाम व्हाल. दुष्काळात बियाण्यासाठी उचल घेतलेला शेतकरी पुढचा हंगामही हरला की जमीन जायची, आणि गरीबघराच्या दारात एक माणूस वाढायचा.

पानगळ

मदत मागणाऱ्यांत खरा कोण, खोटा कोण, याचं काय करत?

मेणबत्ती

१५०व्या पत्रात थेट उत्तर आहे. गरीबघरात भेटायला आलेल्या तरुणाने हाच प्रश्न विचारला: सगळं विकून मीच वाटून टाकू का? बेसिलचं उत्तर, नको. वाटणं हे अनुभवाचं काम आहे, ते जाणत्या माणसाकडे सोपवावं. पहिल्या ख्रिस्ती मंडळीनेही आणलेलं प्रेषितांच्या पायाशी ठेवलं. रडगाणी रचून बायकांना गहिवर आणणारे, जखमा मांडून कमाई करणारे असतात. त्यांच्या हातात पैसा पडला तर वाईटच होतं. गरज आणि हाव यांतला फरक ओळखायला सराव लागतो.

याच दशकात एडेसाला, आजच्या उर्फाला, हीच अडचण उलट बाजूने आली. ३७३च्या सुमारास तिथे दुष्काळ. श्रीमंत म्हणाले, द्यायचंय, पण विश्वासाने वाटणारा कुणी नाही. संत एफ्रेम आपल्या एकांतवासाच्या कोठडीतून बाहेर आला: मी कसा वाटतो तुम्हाला? पैसे आले. त्याने सार्वजनिक ओसऱ्या आडोसे घालून बंद केल्या, तीनशे खाटा टाकल्या, आजाऱ्यांची शुश्रूषा केली, मेलेल्यांना पुरलं. वर्षाने पीक आलं, लोक घरी गेले, तो कोठडीत परतला आणि थोड्याच दिवसांत वारला. काम तात्पुरतं असेल तर ओसरी पुरते. कायमचं करायचं तर वैद्य, जनावरं, कारागीर आणि करमाफी लागते. दोघांत हा फरक आहे.

दूरदेशी

कायसेरीत आज काय बघायला मिळतं? आणि ग्रीक लोक १ जानेवारीला बेसिलचा केक करतात, त्याची कृती असेल तर द्या.

तुळईखाली

वसाहतीचे म्हणून ओळखता येतील असे अवशेष नाहीत. जुनं शहर नैऋत्येकडच्या उतारावर होतं. आजचं कायसेरी बेसिलच्या वसाहतीभोवती वाढलं, असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. म्हणजे वेशीबाहेरची जागाच पुढे गाव झाली.

भाकरतुकडा

सण ग्रीकांकडे १ जानेवारीला, तो त्याचा मृत्युदिन (साल ३७९). रोमन पंचांगात २ जानेवारी, नाझियान्झसच्या ग्रेगरीबरोबर. गोवा-वसईच्या जुन्या प्रार्थनापुस्तकात १४ जून दिसला तर चूक समजू नका. १९६९च्या बदलाआधी तीच तारीख होती.

वासिलोपिता, म्हणजे बेसिलचा केक, २८ सेंमीच्या भांड्यासाठी: लोणी २५० ग्रॅम, साखर ३५० ग्रॅम, अंडी ५, मैदा ५०० ग्रॅम, बेकिंग पावडर ४ चहाचे चमचे, संत्र्याचा रस २०० मिली, दोन संत्र्यांची किसलेली साल. लोणी-साखर पांढरी होईपर्यंत फेटा, अंडी एकेक करून घाला, मग मैदा आणि रस आलटून पालटून. अंडी फ्रिजमधली गार असतील तर मिश्रण फाटतं. १७० अंशांवर ५० ते ६० मिनिटं. पहिली ४० मिनिटं दार उघडू नका, मध्यभाग बसतो.

नाणं कच्च्या पिठात टाकलं तर तळाला जाऊन बसतं आणि कापताना सुरीला लागतं. ते उकळून, फॉइलमध्ये गुंडाळून, केक गार झाल्यावर खालच्या बाजूने चीर देऊन आत सरकवा आणि भांडं फिरवा, म्हणजे ठेवणाऱ्यालाही जागा आठवत नाही. कापण्याचा क्रम घरोघरी थोडा बदलतो. बहुधा पहिला तुकडा ख्रिस्ताचा, मग मरियेचा, संत बेसिलचा, घराचा, मग वयाप्रमाणे घरातल्यांचे, आणि एक गरिबाचा. मुलांच्या तुकड्यात नाणं आहे का ते खाण्याआधी बोटांनी चाचपून बघा.